एका युग्मनजाची दोन माणसे

स्त्रीबीज आणि शुक्राणू यांच्या मीलनातून तयार होणाऱ्या पहिल्या पेशीला युग्मनज म्हणतात. सर्वसाधारणपणे एका युग्मनजापासून एकच व्यक्ती घडते. परंतु क्वचित, वाढीच्या पहिल्या दोन आठवड्यांतच, त्यापासून बनलेला पेशीसमूह दुभागतो आणि प्रत्येक भागापासून एक संपूर्ण मूल तयार होते. अशा मुलांना एकयुग्मजी जुळी म्हणतात. त्यांच्यातील विलक्षण साम्यामुळे नाटकांनी आणि चित्रपटांनी त्यांच्या ओळखीच्या घोटाळ्यांवर कथानके रचली, आणि विज्ञानानेही दीर्घकाळ त्यांच्याकडे प्रामुख्याने साम्याचे नमुने म्हणूनच पाहिले. गेल्या काही दशकांत हा रोख बदलला आहे. ज्यांचा जनुकीय वारसा एक, ज्यांना वाढवणारे गर्भाशय एक आणि ज्यांचे घरही बहुधा एकच, अशी दोन माणसे तरीही वेगळी का होतात, हा प्रश्न आता या विषयाच्या केंद्रस्थानी आला असून, त्याचा शोध घेताना आनुवंशिकता आणि परिस्थिती या जुन्या जोडीत न बसणारा एक तिसरा घटक, म्हणजे शरीर घडण्याच्या प्रक्रियेतच मुरलेली यदृच्छा, जीवशास्त्राला गांभीर्याने विचारात घ्यावी लागली आहे.

जुळ्यांचे दोन प्रकार वरकरणी एकाच घटनेची रूपे वाटले, तरी त्यांचे मूळ भिन्न आहे. द्वियुग्मजी जुळी एकाच मासिक चक्रात दोन स्त्रीबीजे बाहेर पडून ती दोन वेगळ्या शुक्राणूंनी फलित झाल्यामुळे जन्मतात. म्हणून त्यांच्यातील जनुकीय नाते इतर सख्ख्या भावंडांइतकेच, म्हणजे सरासरीने निम्मे असते, आणि त्यांपैकी एक मुलगा व दुसरी मुलगी असणेही तितकेच स्वाभाविक असते. एका वेळी दोन बीजे बाहेर पडण्याची प्रवृत्ती आईचे वय, तिच्या शरीरातील संप्रेरकांची पातळी, वंध्यत्वावरील उपचार आणि घराण्यातून आलेली काही जनुके यांवर अवलंबून असते. बीजकोशाला चेतवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाशी निगडित असलेल्या जनुकाचा या प्रवृत्तीशी असलेला संबंध २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवून दिला. साहजिकच अशा जुळ्यांचे प्रमाण जगभर सारखे नाही. नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा समाजात विसाव्या शतकात ते दर हजार प्रसूतींमागे ४०च्याही वर नोंदवले गेले, तर वंध्यत्वोपचार रूढ होण्यापूर्वीच्या जपानमध्ये ते अवघे दोन-तीन होते.

एकयुग्मजी जुळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे प्रमाण बहुतेक सर्व समाजांत आणि सर्व खंडांत दर हजार प्रसूतींमागे साडेतीन ते चार एवढेच आढळते. आईच्या वयाचा त्यावर फारसा परिणाम दिसत नाही आणि काही मोजकी कुटुंबे वगळता ते वंशपरंपरेने येत असल्याचेही दिसत नाही. प्रयोगशाळेत फलित केलेला गर्भ पाच-सहा दिवस वाढवून मग गर्भाशयात सोडला, तर असे दुभागणे काहीसे अधिक वेळा घडते, एवढा एक अपवाद सुस्थापित आहे. गरोदर बाईने जोडकेळे खाल्ले तर जुळे होते, ही महाराष्ट्रातील घराघरांत ऐकू येणारी समजूत किंवा जुळी ‘माहेरकडून’ की ‘सासरकडून’ आली याचा बारशाच्या दिवशी घेतला जाणारा शोध, यांपैकी कशालाही एकयुग्मजी जुळ्यांच्या बाबतीत आधार नाही. तसेच केरळातील कोडिन्हीसारख्या ‘जुळ्यांच्या गावा’विषयी बातमी वाचताना विचारावयाचा पहिला प्रश्न तेथे किती जुळी आहेत हा नसून ती कोणत्या प्रकारची आहेत हा होय, कारण दोन्ही प्रकारांची कारणमीमांसा एकत्र करता येत नाही.

अर्धा गर्भ संपूर्ण प्राणी कसा घडवू शकतो, हा या विषयातील सर्वांत मूलभूत प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगाच्या कक्षेत आला. १८८८ साली जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातील एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अर्धाच गर्भ तयार झाला; यावरून प्रत्येक पेशीचे भवितव्य आरंभीच ठरलेले असते असा निष्कर्ष त्यांनी काढला. तीनच वर्षांनी हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या गर्भातील पहिल्या दोन पेशी पाण्यात जोराने हलवून एकमेकींपासून विलग केल्या, आणि प्रत्येक पेशीपासून आकाराने लहान पण सर्वांगाने पूर्ण असा डिंभ तयार झाला. रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटूनच राहिली होती व तिच्या सहवासामुळे जिवंत पेशीला आपण एकटे उरल्याचे ‘कळले’च नव्हते, हे पुढे उलगडले. १९०० नंतरच्या काही वर्षांत हान्स श्पेमान यांनी न्यूट या उभयचराचा गर्भ तान्ह्या बाळाच्या केसाच्या फासाने आवळून दुभागला, तेव्हा आणखी एक मर्यादा स्पष्ट झाली: पाठीकडची बाजू घडवणारा विशिष्ट भाग दोन्ही अर्धुकांत विभागला गेला तर दोन पूर्ण जीव तयार होत, परंतु तो एकाच अर्धुकात राहिला तर दुसऱ्यापासून पोटाकडच्या ऊतींचा केवळ एक आकारहीन गोळा होई. गर्भ स्वतःचा हरवलेला भाग भरून काढू शकतो, मात्र त्यासाठी शरीराची दिशा ठरवणारे केंद्र त्याच्या वाट्याला यावे लागते, हे तत्त्व मानवी जुळ्यांच्या आकलनाचाही पाया ठरले आहे.

काही प्राण्यांत असे दुभागणे हा अपघात नसून नित्याचा क्रम आहे. अमेरिका खंडातील नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच युग्मनजापासून चार एकसारखी पिल्ले जन्माला घालतो. मानवाच्या बाबतीत मात्र गर्भ का दुभागतो याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. या अंधारात एक धागा २०२१ साली हाती लागला. ॲमस्टरडॅममधील संशोधकांच्या नेतृत्वाखालील गटाने निरनिराळ्या देशांतील प्रौढ जुळ्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणा तपासल्या, तेव्हा एकयुग्मजी जुळ्यांत ८३४ ठिकाणी अशा खुणांची एक वैशिष्ट्यपूर्ण ठेवण आढळली, जी द्वियुग्मजी जुळ्यांत किंवा एकट्याने जन्मलेल्यांत नव्हती. ही ठेवण दुभागण्याचे कारण आहे की त्याचा मागे राहिलेला परिणाम, हे ठरायचे आहे. परंतु गर्भावस्थेच्या पहिल्या पंधरवड्यातील घटनेची छाप शरीर आयुष्यभर बाळगते, एवढे त्यातून दिसते.

पाठ्यपुस्तकांत दुभागण्याची वेळ आणि गर्भावरणांची रचना यांची सांगड घातलेली असते. गर्भाभोवती दोन आवरणे असतात: बाहेरचे जरायू, ज्यापासून वारेचा गर्भाकडील भाग बनतो, आणि आतले उल्ब, ज्यात गर्भजल साठते. पहिल्या तीन दिवसांत गर्भ दुभागला तर दोघांचे जरायू आणि उल्ब वेगवेगळे असतात. एकयुग्मजी जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश या गटात मोडतात. चौथ्या ते आठव्या दिवसांत दुभागला तर जरायू आणि वार सामायिक व उल्ब स्वतंत्र असते, आणि जवळपास दोन तृतीयांश जुळी अशी असतात. त्यानंतर दुभागला तर दोघे एकाच उल्बात वाढतात, ज्याचे प्रमाण शेकड्यात एक-दोन आहे. तेराव्या दिवसानंतर अपुऱ्या दुभागणीतून जन्मणारी मुले शरीराने जोडलेली राहतात. १८११ साली सयाममध्ये जन्मलेल्या चांग आणि एंग या भावांमुळे अशा मुलांना सयामी जुळी हे नाव रूढ झाले. हे वेळापत्रक नीटनेटके असले, तरी मानवी गर्भ दुभागताना प्रत्यक्ष कोणी पाहून ते आखलेले नाही, जन्मानंतर आवरणे तपासून ते मागाहून बांधलेले अनुमान आहे, आणि काही भ्रूणशास्त्रज्ञांनी त्याविषयी गंभीर शंका घेतल्या आहेत.

या रचनेतून एक व्यावहारिक गैरसमज दूर होतो. दोन वेगळ्या वारा दिसल्या म्हणजे जुळी एकयुग्मजी नाहीत, असे आजही अनेक कुटुंबांना सांगितले जाते; परंतु एक तृतीयांश एकयुग्मजी जुळ्यांच्या वारा वेगळ्याच असल्यामुळे, मुले एकाच लिंगाची असतील तर खात्रीलायक निर्णय डीएनए तपासणीनेच होतो. उलट गर्भारपणातील वैद्यकीय देखरेखीच्या दृष्टीने जुळ्यांचा जनुकीय प्रकार दुय्यम असून वार एक की दोन हीच गोष्ट निर्णायक असते, आणि ती साधारण चौदाव्या आठवड्यापूर्वीच्या सोनोग्राफीत, दोन आवरणे वारेला जेथे मिळतात तेथील आकार पाहून, सर्वांत विश्वसनीयपणे ओळखता येते.

सामायिक वार महत्त्वाची ठरते, कारण तिच्यात दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि तिची वाटणी क्वचितच समसमान होते. एका विहिरीवर दोन भावांची शेते भिजत असावीत आणि एकाच्या पाटाला उतार अधिक असावा, तशी ही अवस्था असते. सामायिक वारेच्या साधारण १० ते १५ टक्के गर्भारपणांत हा असमतोल एवढा वाढतो की एका गर्भाचे रक्त सातत्याने दुसऱ्याकडे वाहू लागते. देणाऱ्याची वाढ खुंटते व त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते, तर घेणाऱ्याच्या हृदयावर जादा रक्ताचा भार येऊन त्याच्याभोवती गर्भजल अतोनात साठते. उपचाराविना तीव्र स्वरूपाच्या या विकारात बहुतेक वेळा दोन्ही गर्भ दगावतात. गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून जोडणाऱ्या रक्तवाहिन्या लेसरने बंद करण्याची शस्त्रक्रिया १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत निदान एक मूल वाचण्याचे प्रमाण गर्भजल उपसण्याच्या जुन्या उपचाराने ५६ टक्के, तर लेसरने ७६ टक्के आढळले. शास्त्रीय विवेचनासाठी यातील बोध असा की, एकाच पोटातून आलेली म्हणून जुळ्यांची आरंभीची परिस्थिती समान होती हे गृहीतक टिकत नाही. माणसाची पहिली परिस्थिती गर्भाशयातच सुरू होते आणि ती तेथेच विषम होऊ शकते.

जनुकीय वारसा एक असला तरी तो अक्षरशः तंतोतंत राहतो काय, याचे उत्तर डीएनएचा संपूर्ण क्रम वाचणे शक्य झाल्यावर मिळाले. प्रत्येक पेशीविभाजनात डीएनएची नक्कल होताना क्वचित चुका राहतात, ज्यांना उत्परिवर्तने म्हणतात. आइसलँडमधील शास्त्रज्ञांनी एकयुग्मजी जुळ्यांच्या ३८१ जोड्या, त्यांचे आईवडील, जोडीदार आणि मुले यांचे डीएनए ताडून २०२१ साली असे दाखवले की गर्भाच्या अगदी आरंभीच्या वाढीत घडलेल्या सरासरी ५.२ उत्परिवर्तनांचा फरक दोघांत असतो, आणि सुमारे १५ टक्के जोड्यांत एकाच्याच वाट्याला अशी उत्परिवर्तने लक्षणीय संख्येने आलेली असतात. अब्जावधी अक्षरांच्या क्रमात हा फरक नगण्य वाटेल. पण नेमक्या महत्त्वाच्या जनुकात तो पडला तर एका भावाला जन्मजात विकार आणि दुसरा निरोगी, असे घडू शकते. बहिणींच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गर्भावस्थेतच निष्क्रिय होते, हे मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले. कोणत्या पेशीत कोणते निष्क्रिय व्हावे हे बव्हंशी यदृच्छेने ठरत असल्यामुळे, सदोष जनुक दोघींकडे असूनही त्याचा त्रास एकीलाच होऊ शकतो.

जनुके तीच असूनही त्यांचा वापर बदलू शकतो. डीएनएवर मिथाइल गटासारख्या रासायनिक खुणा बसतात आणि त्या जनुकाला कार्यरत किंवा मूक ठेवतात. अक्षरक्रम न बदलता होणाऱ्या अशा नियमनाच्या अभ्यासाला अधिजनुकशास्त्र म्हणतात. स्पेनमधील मानेल एस्तेलर यांच्या गटाने २००५ साली ३ ते ७४ वर्षे वयाच्या ४० जोड्या तपासल्या, तेव्हा लहान वयाच्या जुळ्यांच्या खुणा जवळपास सारख्या, तर वयस्क आणि आयुष्याचा अधिक काळ वेगळे राहिलेल्यांच्या बऱ्याच भिन्न आढळल्या. या निष्कर्षाने मोठे लक्ष वेधले. तथापि त्यात एकाच जोडीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा नव्हता, वेगवेगळ्या वयांच्या जोड्यांची तुलना होती, हे ध्यानात ठेवून तो वाचावा लागतो.

सर्वच वेगळेपण बाहेरून येत नाही, हे बोटांच्या ठशांवरून स्पष्ट दिसते. एकयुग्मजी जुळ्यांचे ठसे ढोबळ नमुन्यात मिळतेजुळते, पण रेषांच्या बारकाव्यात भिन्न असतात. २०२३ साली एडिंबरा येथील संशोधकांनी दाखविल्याप्रमाणे, गर्भाच्या बोटाच्या टोकावरील तीन ठिकाणांहून रेषांच्या लाटा पसरत जातात आणि एकमेकींना भिडून त्यांचा नमुना ठरतो. लाटा सुरू होण्याची वेळ, जागा आणि कोन यांतील सूक्ष्म फरक अंतिम ठसा बदलून टाकतात. प्राण्यांवरील प्रयोग याला दुजोरा देतात. मादीपासून नराविना जन्मणाऱ्या आणि जनुकीयदृष्ट्या एकसारख्या असलेल्या संगमरवरी क्रेफिश या गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्यांना जर्मनीत एकाच प्रयोगशाळेत, एकाच पाण्यात व अन्नावर वाढवले असता त्यांचे आकारमान, अंगावरील नक्षी, आयुर्मान आणि वर्तन यांत मोठे फरक पडल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. रेणूंच्या पातळीवरील अनिश्चितता वाढीच्या ओघात मोठी होत जाते, आणि तिचे श्रेय ना वारशाला देता येते ना परिस्थितीला.

या पार्श्वभूमीवर जुळ्यांच्या अभ्यासपद्धतीचा इतिहास वाचला पाहिजे. १८७५ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी निसर्ग आणि संगोपन यांचे बळ मोजण्यासाठी जुळ्यांचा उपयोग सुचवला. १९२४ साली त्वचारोगतज्ज्ञ हेर्मान वेर्नर सीमेन्स यांनी अंगावरील तीळ मोजताना त्या सूचनेला नेमकी पद्धत दिली. एकयुग्मजी जोड्यांतील साम्य द्वियुग्मजी जोड्यांतील साम्यापेक्षा जितके अधिक, तितका त्या गुणधर्मातील जनुकांचा वाटा मोठा, हे तिचे सूत्र. दोन्ही प्रकारच्या जोड्यांना मिळणारी परिस्थिती सारखीच एकसमान असते, हे तिचे वादग्रस्त गृहीतक. पन्नास वर्षांतील २,७४८ प्रकाशनांचा आणि १७,८०४ गुणधर्मांचा एकत्र आढावा २०१५ साली घेतला गेला, तेव्हा हा वाटा सरासरीने ४९ टक्के भरला. येथे सावधगिरी आवश्यक आहे. आनुवंशिकतेची टक्केवारी एका विशिष्ट समाजातील, विशिष्ट काळातील माणसामाणसांमधील फरकांविषयी बोलते. एखाद्या व्यक्तीची अर्धी बुद्धी जनुकांची आणि अर्धी शाळेची, असा तिचा अर्थ होत नाही, आणि परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो.

लहानपणीच ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांनी या वादाला सर्वाधिक खाद्य पुरवले. आर्माडिलोच्या गर्भांवर पूर्वी काम केलेले शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ होरेशियो न्यूमन यांनी सहकाऱ्यांसह १९३७ साली अशा १९ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ साली सुरू केलेल्या दीर्घ प्रकल्पाने १९९० साली बुद्ध्यंकातील फरकांपैकी सुमारे ७० टक्के वाटा जनुकीय भिन्नतेचा असल्याचे नोंदवले. दत्तक घेणारी कुटुंबे सामाजिकदृष्ट्या एकमेकांपासून फारशी दूर नसतात, हा त्यावरील आक्षेप आजही विचारात घ्यावा लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या आकड्यांची कथा तर इशारावजाच आहे: जोड्यांची संख्या २१ वरून ५३ पर्यंत वाढत गेली तरी साम्याचा गुणांक दर वेळी ०.७७१ हाच राहिल्याचे लिऑन कॅमिन यांनी १९७४ साली निदर्शनास आणले, आणि ते सारे संशोधन विश्वासास अपात्र ठरले. याहून भयंकर अध्याय जर्मनीत लिहिला गेला. सुप्रजननशास्त्राचे पुरस्कर्ते व जुळ्यांचे संशोधक ओटमार फॉन फेर्शुअर यांचा शिष्य योझेफ मेंगेले याने १९४३ पासून आउशविट्झच्या छळछावणीत बंदी जुळ्यांवर, विशेषतः बालकांवर, अमानुष प्रयोग केले. मानवी गुणांची प्रतवारी लावण्याच्या हव्यासातून ही पद्धत वाढली असल्यामुळे, संमती आणि प्रतिष्ठा यांचे प्रश्न तिच्या इतिहासापासून वेगळे काढता येत नाहीत.

आजच्या वाचकासाठी या विषयाचे महत्त्व रुग्णालयात आणि बाजारात अधिक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या विकाराची आनुवंशिकता ७९ टक्के एवढी मोठी आहे, आणि तरीही एकयुग्मजी जोडीतील एकाला तो झाल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण ३३ टक्केच आहे. सांध्यांचा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, या विकारात ते ब्रिटनमध्ये सुमारे १५ टक्के आढळले. छिन्नमनस्कतेचे हे दोन आकडे परस्परविरोधी नाहीत: पहिला लोकसमूहातील जोखमीच्या चढउताराचे स्पष्टीकरण देतो, दुसरा एका व्यक्तीच्या भवितव्याची अनिश्चितता दाखवतो. थुंकीच्या नमुन्यावरून भावी आजारांचे भाकीत करण्याचा दावा आज अनेक कंपन्या करीत असताना, त्या दाव्यांची कमाल मर्यादा जुळ्यांनी आधीच आखून ठेवलेली आहे. ज्याचे जवळजवळ प्रत्येक जनुक आपल्यासारखे आहे अशा सख्ख्या जुळ्या भावंडाला एखादा आजार झाला, ही माहिती डीएनएच्या आधारे आपल्याविषयी मिळू शकणारी सर्वांत भक्कम माहिती होय. तिच्याआधारेही जेथे तीन वेळांपैकी दोन वेळा भाकीत चुकते, तेथे केवळ डीएनए वाचून त्याहून अचूक भविष्य कोणालाही सांगता येणार नाही.